भाऊबीजेपुरता रेडिएटर

आबांच्या गाडीचा रेडिएटर मी मारला. तो वयानं गेला, पाण्यानं गेला, असं मी चार जणांना सांगून पाहिलं. पण शिरूरमध्ये आता ही हकीकत एवढी पसरलीय की मी खोटं लिहिलं तर भाजीवालीसुद्धा दुरुस्त करील. तेव्हा खरंच लिहितो.

गाडी विलायती बनावटीची, गोल दिव्यांची. आबांनी ती दौंडच्या एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली होती. ती बनवणारी कंपनी मी चड्डीत शाळेला जात होतो तेव्हाच बंद पडली. वर्षभर ती पत्र्याच्या शेडमध्ये गोधडी पांघरून बसायची. पंधरवड्यातून एकदा चालू करायची, पुसायची, परत झाकायची. तिला वर्षातलं एकच काम होतं: भाऊबीजेला आबांना घेऊन दौंडला आक्कांकडं जायचं.

आक्का म्हणजे माझी आत्या, आबांची थोरली बहीण. वय नव्वदीला टेकलेलं. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते, आणि गेल्या काही वर्षांत माणसंही एकेक करून डोक्यातून उतरत गेली होती. सुनेला त्या कधी मावशी म्हणायच्या, कधी नर्सबाई. मी गेलो की विचारायच्या, "मीटर बघायला आलात व्हय?" आबांचा आवाजही त्यांच्याकडून सुटला. गाडीचा तेवढा सुटला नव्हता. आबा दारात गाडी उभी करत आणि इंजिन बंद न करता तसंच बसून राहत. ती खडखड ऐकली की आतून आक्कांची हाक यायची, "आला गं माझा भाऊ. ताट कर." एकदा गाडी ओळखली की आबांनाही त्या ओळखत आणि संध्याकाळपर्यंत ओळखत राहत. वर्षातून तेवढा एक दिवस आबांना बहीण असायची.

हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असताना मी जे केलं, ते असं.

आबा गाडीला पागोळ्यांचं पाणी घालायचे. पावसाळ्यात पत्र्यावरून उतरलेलं पाणी धोतराच्या फडक्यानं गाळून कॅनमध्ये भरून ठेवायचे आणि वर्षभर तेच वापरायचे. आयुष्यभर पिठाची गिरणी चालवलेला माणूस. इंजिनाला काय पचतं ते त्यांना कळायचं. त्यांचे गुडघे गेल्यावर हे काम माझ्याकडं आलं. मी हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलेला. गाडीला काय चव कळतेय, असं म्हणून मी बोअरची नळी सरळ रेडिएटरच्या तोंडात दिली. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि नव्या बादलीला महिन्याभरात पांढरी दाढी येते. ते मी त्या विलायती म्हातारीला चार वर्षं पाजलं.

दसऱ्याला पूजा करून गाडी फिरवायला काढली, ती न्हावऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत वाफ सोडायला लागली. ओढून आणली. गल्लीतल्या मिस्त्रीनं झाकण उघडून बॅटरी मारली आणि मला जवळ बोलावलं.

"सर, बघा आत. पान खायचं असंल तर चुना हाय."

"साफ होईल ना?"

"हुईल की. पर ॲसिड मारावं लागंल. मी न्हाई मारणार. पितळ हाय, पातळ झालंय. म्हाताऱ्या माणसाला जुलाबाचं औषध द्यावं तसं बेतानं द्यावं लागतंय."

तो नाही म्हणाला, इथं मी थांबायला हवं होतं. पण शेजाऱ्यांचा जावई दिवाळीआधी सासरी आला होता. तो कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टला असतो. मी त्याच्याकडं शब्द टाकला आणि त्यानं कुठूनशी एक बाटली पैदा केली. देताना मला तीनदा बजावलं, "सर, एकाला वीस पाणी. दहा मिनटं. घड्याळ लावून. मग भसाभसा धुवून टाकायचं."

मी मनात म्हटलं, चार वर्षांची घाण दहा मिनिटांत कशी निघेल? ह्या पोरांना घाई फार. मी एकाला पाच पाणी घेतलं. रेडिएटर भरला. आत फसफस आवाज सुरू झाला, तो ऐकून समाधान वाटलं. मग जेवायला बसलो. दिवाळीच्या शेवेची पहिली परात उतरली होती, ती चाखली. चाखल्यावर जरा पाठ टेकली.

बायकोनं उठवलं. "अहो, शेडमधून ओघळ आलाय दारापर्यंत. हिरवागार."

आम्ल अधिक धातू, हे समीकरण मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. न येणाऱ्यांना बाकावर उभं केलं. शेडमध्ये गेलो तर रेडिएटरच्या पोटातून पलीकडची भिंत दिसत होती.

काठी टेकत आबा आले. त्यांनी नाकानंच ओळखलं.

"काय घातलंस?"

"ॲसिड."

"किती येळ?"

"जरा डोळा लागला."

आबांनी काठीचं टोक त्या जाळीतून आरपार घालून पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मास्तर," ते म्हणाले, मी चुकलो की ते मला मास्तर म्हणतात, "पोरास्नी काय शिकिवलं रं तू?" मग विचारलं, "भाऊबीज कवा हाय?"

"अकरा दिवस."

"मग लाग कामाला."

लागलो. आधी शिक्रापूर. तिथं हायवेच्या कडेला भंगाराच्या गाड्यांचे ढीग असतात. एकेका ढिगावर चढलो, पँट फाडून घेतली. मालकाला मोबाईलवर आमच्या गाडीचा फोटो दाखवला, तर त्यानं आपल्या दोन माणसांना हाक मारली. मला वाटलं माल काढायला बोलावतोय. तो नुसता फोटो दाखवत होता.

"सर, रेडिएटर पैल्यांदा जातो. गाडी आली की तांबं-पितळ आदी काढत्यात. म्हंजी आत यायच्या आदीच त्यो गेलेला असतो. ह्यो बघा, ट्रॅक्टरचा हाय. फिट बसंल."

"एवढा मोठा?"

"गाडी कापावी लागंल थोडी. नाकाकडनं."

शेजारी एक उत्तरेकडचा ट्रक ड्रायव्हर चहा पीत उभा होता. त्याला माझी दया आली. "मास्टरजी, हल्दी डालो. एक मुट्ठी. छेद अपने आप बंद. हमारे यहाँ सब डालते हैं." बारीक गळतीला हळदीचा उपाय खरा आहे, हे मला नंतर कळलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, की माझ्या रेडिएटरला छिद्रं नव्हती, छिद्रांना थोडा रेडिएटर होता.

घरी येऊन मी हळदीचा डबा उचलला. एक मूठ म्हणजे कुणाची मूठ, असा विचार करून सगळाच रिकामा केला. गाडी चालू केली. पंपानं पाणी ढकललं आणि पुढच्या जाळीतून पिवळी कारंजी उडाली. मी, भिंत, वाळत घातलेली बायकोची साडी, सगळे पिवळे. बायको दारात येऊन म्हणाली, "नवरदेव, हळद लागली का? आता बोहल्यावर कुणाला चढवताय?" मी हसलो. पायरीवर बसलेले आबा हसले नाहीत. त्यांनी बोटावर दिवस मोजले आणि आत गेले. त्या दिवसापासून ते रोज सकाळी एकच वाक्य विचारत, "गावला का?" आणि मी रोज सांगत असे, "एके ठिकाणी शब्द टाकलाय." कुठंच टाकलेला नव्हता.

मग खरोखरच एक धागा मिळाला. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सांगितलं की मांडवगण फराट्याला एका बागायतदाराच्या गोठ्यात अशीच गाडी आहे. मी दुसऱ्या दिवशी सकाळी, मापासाठी आमचा रेडिएटर पोत्यात घालून, बसनं तिथं. गाडी होती! उसाच्या पाचटाखाली, बॉनेटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. कोंबडीला बाजूला करून आत पाहिलं, तर रेडिएटर जागेवर, अंगानं धडधाकट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मागून मालक आला. माझ्याच वयाचा, खांद्यावर टॉवेल. मी काय म्हणतोय ते पुरतं ऐकायच्या आत त्यानं विचारलं,

"तुमच्याकडं बी हीच गाडी? वॉटर पंप चांगला हाय का तुमचा?"

"पंप उत्तम आहे. मला रेडिएटर हवाय."

"मला पंप पायजे. सा वर्सं झाली हुडकतोय."

आम्ही दोघं एकमेकांकडं बघायला लागलो. मी म्हटलं, तुमची तर नाहीतरी चालत नाही. तो म्हणाला, तुमची तरी कुठं चालती? मी म्हटलं, द्या. तो म्हणाला, "सर, वडलांची हाय. त्यांच्या माघारी एक नट ढिला केला न्हाई मी. मोडायला न्हाई जमायचं." मीही वडलांचीच वाचवायला आलो होतो. शेवटी मी त्याला आक्कांचं सगळं सांगितलं. तो ऐकत ऐकत खाली बसला.

"म्हंजी गाडी न्हाई गेली तर वळखायच्याच न्हाईत?"

"नाही."

त्यानं टॉवेलानं तोंड पुसलं. "भाऊबीजेपुरता न्या. दुसऱ्या दिशी जसाच्या तसा आणून लावायचा."

मी त्याच्या पाया पडायचाच बाकी होतो. त्यानं बोल्टांवरून बोट फिरवलं. "गंज हाय. आत्ता डिझेल लावून ठिवू, सकाळी काढू. लोखंडाला येळ द्यावा लागतोय."

पण माझ्या डोक्यात दौंडचा रेडिएटर मिस्त्री होता. त्याच्याकडून तो तपासून घ्यायचा तर आजच न्यायला हवा, उद्यापासून त्याचं दुकान दिवाळीला बंद. मालक डिझेल आणायला गेला. मी म्हटलं, तोवर एक बोल्ट ढिला करून बघू. पाना लावला, जोर दिला. हलेना. पाय बॉनेटला लावला आणि दोन्ही हातांनी हिसका दिला. बोल्ट जागेवरच राहिला. पाना सटकला, मी पाना धरून पुढं गेलो, आणि खालच्या पाइपाचं तोंड, सोबत तळहाताएवढं पितळ, माझ्या पायाशी येऊन पडलं.

मालक डिझेलची बाटली घेऊन आला. त्यानं पितळेचा तुकडा उचलला, फिरवून बघितला.

"वडील असते तर हाणलं असतं तुमाला."

"हाणा तुम्ही."

"न्हाई. चहा घ्या."

चहा झाला. मग त्यानं डिझेल न लावताच, अगदी हळू, उरलेले बोल्ट स्वतः काढले. एकही मोडला नाही. रेडिएटर आणि तुकडा पोत्यात बांधून माझ्या हातात दिला. "न्या आता. जुळला तर करा भाऊबीज."

दौंडचा मिस्त्री स्टेशनच्या मागं बसतो. आख्खा जन्म फुटके रेडिएटर झाळून डाग देण्यात गेलेला. हातांवर जुन्या भाजल्याच्या खुणा. मी दोन्ही रेडिएटर त्याच्यापुढं ठेवले. आमच्या रेडिएटरकडं बघून तो म्हणाला, "ह्याचा आता झारा झाला. बुंदी पाडा." मांडवगणचा त्यानं हौदात बुडवला आणि आत हवा सोडली. मला वाटलं होतं, मोडल्या जागेतून तेवढे बुडबुडे येतील. पाणी सगळीकडून उकळल्यासारखं झालं.

"तुम्ही तोडला म्हणून वाईट वाटून घेऊ नका, सर. आतल्या नळ्या आदीच गेल्यात. डाग द्यायला खाली धातू लागतो. हितं हात लावीन तिथं भोक पडंल."

"काहीच नाही होणार?"

"दुसऱ्या गाडीची जाळी घिऊन नवा बांधता यील. पंधरा दिस, म्हैना. तुमाला कवा पायजे?"

"परवा."

त्यानं हवेची तोटी बंद केली. "मग मला इचारू नका," म्हणाला. हे त्यानं मोठ्या मायेनं म्हटलं आणि दोन्ही रेडिएटर स्वतःच परत पोत्यात भरून दिले.

घरी आलो. आबा दारातच होते. त्यांनी "गावला का" विचारलं नाही. पोत्याकडं बघितलं आणि म्हणाले, "त्या मांडवगणच्या माणसाला आपला पंप काढून दे. निदान त्याची तरी सुरू हुंदे." म्हणजे त्यांनी गाडी सोडली, हे मला तेव्हा समजलं. दुसऱ्या दिवशी पंप काढला आणि रेडिएटरसकट देऊन आलो. त्याच्याकडं आता पंप होता आणि धड रेडिएटर नव्हता. आमच्याकडं दोन्ही नव्हतं. तो मात्र पंप दोन्ही हातांत घेऊन लहान मूल बघावं तसा बघत होता, आणि मला त्याला मिस्त्री काय म्हणाला ते सांगायचं होतं, ते मी सांगितलं नाही.

भाऊबीजेला भाड्याची पांढरी गाडी केली. आबा कडक टोपी घालून मागं बसले. काचा बंद, आत गार वारं. गाडीचा आवाज म्हणून नव्हताच.

"तिला कळायचं न्हाई," आबा म्हणाले.

"आपण सांगू ना."

"सांगून भाऊ हुतो व्हय?"

चौफुला मागं पडला तेव्हा मला सुचलं की रेडिएटर नसला तरी इंजिन मिनिटभर चालू करता येतं. घरी असताना तेवढा आवाज मोबाईलमध्ये भरून घेतला असता तर? अकरा दिवस मी गाडीभोवती घिरट्या घातल्या आणि हे मला दौंडच्या वाटेला लागल्यावर सुचलं. मग आठवलं, गेल्या भाऊबीजेला आक्कांच्या दारातच मी गाडीचा व्हिडिओ काढला होता! तो सापडलाही. मला धीर आला.

वहिनींनी, म्हणजे आक्कांच्या सुनेनं, आक्कांना नवं लुगडं नेसवून खाटेवर बसवलं होतं. पाट मांडलेला, ताटात निरांजन तयार. आबा आत गेले आणि त्यांच्यासमोर उभे राहिले.

"आक्का, मी आलोय."

"या की. बसा. कुणाकडं आलात?"

"तुझ्याकडंच. भाऊबीज हाय न्हवं."

"व्हय तर. माझा भाऊ यायचाय शिरूरवरनं. तुमी बसा. गाडीचा आवाज आला का तेवढं सांगा, मला अलीकडं कमी आयकू येतंय."

वहिनी म्हणाल्या, "अहो आत्याबाई, हेच तुमचे भाऊ."

"गप गं. चेष्टा करू नगंस, पाव्हणं काय म्हंतील."

मी खिडकीशी गेलो, मोबाईलचा आवाज पूर्ण मोठा केला आणि व्हिडिओ लावला. पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत त्यात माझाच आवाज होता: 'तर मित्रांनो, ही पाहा आमची जुनी गाडी, हिचं वैशिष्ट्य असं...' मागं कुठंतरी, माझ्या व्याख्यानाच्या तळाशी, इंजिन असावं.

"ह्यो कोन बडबडतोय?" आक्का म्हणाल्या. "रेडू बंद करा कुनीतरी."

मी बंद केला.

मग आबा त्यांच्या शेजारी बसले. आक्का पाहुण्याशी गप्पा मारायला लागल्या. भावाबद्दल सांगायला लागल्या. लहानपणी तो पाण्याला भ्यायचा, त्यांनीच त्याच्या पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकवलं. "लई रडायचा. पर मी कुनाला बोलले न्हाई. गडीमाणसाचं असलं सांगू ने." आबा म्हणाले, "बरूबर हाय." मला सत्तावन्न वर्षांत हे कधी कळलं नव्हतं. आबा पोहण्यात पटाईत, असंच आम्ही ऐकत आलो होतो.

दुपार झाली. निरांजन दोनदा विझलं, वहिनींनी दोनदा लावलं. आक्का अस्वस्थ झाल्या. सारख्या दाराकडं तोंड करायच्या. "अजून कसा न्हाई आला? कधी एवढा येळ करत न्हाई त्यो." खाटेवरून उतरायला लागल्या. पाय लटपटत होते. वहिनी धरायला धावल्या, तर त्यांनी हात झटकला. "माझ्या भावाला काय झालं का? तुमी सगळी लपवताय माझ्यापास्नं."

आबांनी त्यांचा हात धरला.

"आक्का, घाबरू नका. मी बी शिरूरवरनंच आलो. तुमचा भाऊ वाटंत भेटला मला, चौफुल्याच्या अलीकडं. गाडी तापलीय त्याची. कडेला लावून पाणी घालतोय."

आक्का थांबल्या. चेहऱ्यावरचा ताण गेला. "तापलीय व्हय? मग येळ लागंल." त्या परत खाटेवर टेकल्या. "बरा हाय न्हवं त्यो?"

"बरा हाय."

"ताट झाकून ठिव गं," त्या वहिनींना म्हणाल्या. "आन् पाव्हण्यास्नी वाढ."

वहिनींनी आबांना डोळ्यांनी पाटाकडं खुणावलं. आबांनी मानेनंच नाही म्हटलं आणि बाजूच्या सतरंजीवर मांडी घातली. वाढलेल्या ताटासमोर ते नुसतेच बसून राहिले, तेव्हा आक्कांनी चाहूल घेत मान त्यांच्याकडं वळवली.

"लाजू नका, पोटभर जेवा. त्याच्यासाठी थांबू नका."